तुम्ही म्हणाला होतात, ‘बर हाय’

काका, सलाम.

तुम्हाला कोल्हारच्या मातीत ठेवून आज बारा दिवस झाले. त्या दिवशी पाळकसाहेब बोलायला उभे राहिले आणि त्यांनी तुमच्यापेक्षा माझंच कौतुक जास्त केलं. म्हणाले, "शमुवेलभाऊंनी उभा जन्म नागापूरच्या एमआयडीसीत हत्यारांना धार लावली. पण त्यांच्या हातांचं चीज केलं ते त्यांच्या पुतणीनं. रुथनं काकाच्या हातचं काम पुण्याच्या प्रयोगशाळेत नेलं, मेंदूच्या संशोधनाला लावलं." बायकांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. काकूनं माझा हात दाबला. मी खाली पाहत राहिले. लोकांना वाटलं, पोर रडतेय. मी रडत नव्हते काका, मला लाज वाटत होती. कारण पुण्याच्या त्या प्रयोगशाळेच्या कागदांत तुमच्या कामाबद्दल एकच वाक्य आहे, आणि ते माझंच आहे: ‘बाहेरच्या वर्कशॉपच्या कामात दोष होता.’

हे वाक्य खोटं आहे. तुम्ही होतात तेव्हा ते तुमच्या तोंडावर कबूल करता आलं असतं. तशी संधी मला एकदा नाही, दोनदा मिळाली. आता सांगतेय ते ऐकायला तुम्ही नाही. आणि ऐकण्या-न ऐकण्याबद्दल मी काही बोलू नये हेच बरं, कारण सगळा घोळ माझ्या कानांनीच केलाय.

शाळेला सुट्टी लागली की मी तुमच्या मागे लागून नागापूरला यायचे, आठवतं? पत्र्याची शेड, ओळीनं ग्राइंडर, आणि कोपऱ्यात तुमचं स्टूल. एकदा तुम्ही माझ्या हातात नुकतंच घासलेलं पातं दिलंत. मी म्हटलं, "छान आहे, चकचकीत." तुम्ही हसलात. "आता हळूच नखावरनं वढ." ओढलं, तर नखाला बारीक खरखर लागली. "ही बर. धातू घासला का कडंला आसं कुसळ ऱ्हातं. डोळ्याला दिसत न्हाई, नखाला कळतं. ती काढल्याबिगर काम हातातनं सोडायचं न्हाई." मी विचारलं, मग चांगलं नसताना तिला बर का म्हणायचं? तुम्हाला ते इतकं आवडलं की शेडमधल्या सगळ्यांना ऐकवलंत. त्या दिवसापासून तो आपला दोघांचा विनोदच झाला. कोल्हारला आमच्या घरी जेवताना आईनं "भाजी बरी आहे का?" विचारलं की तुम्ही माझ्याकडे बघून म्हणायचात, "बर हाय म्हंजे बरं न्हाई!" आईला काही कळायचं नाही, नि मी ताटात तोंड घालून हसायचे.

म्हणजे तो शब्द मला माहीत नव्हता, असंही म्हणायची सोय नाही.

पुण्याला पीएचडीला लागल्यावर माझं काम तुम्हाला समजावायला मी बसले, तेव्हा काकूची शिवायची सुई मागून घेतली होती. सांगितलं, एवढीच एक नळी उंदराच्या मेंदूत बसवायची. तिच्या टोकाला पातळ पडदा असतो, आतून खारं पाणी संथ फिरत असतं. मेंदूतली रसायनं पडद्यातून त्या पाण्यात झिरपतात, ते पाणी बाहेर घेऊन मोजायचं. जिवंत मेंदूत काय चाललंय ते त्यातून कळतं. अडचण अशी, की नळी आत जाताना बारीक रक्तवाहिन्या तुटतात, सूज येते, आणि थोड्या दिवसांत नळीभोवती खपलीसारखा थर जमतो. ही इजा कमी कशी करायची, हाच माझा विषय. सूज उतरवणारं औषध त्याच नळीतून अगदी थोडं थोडं झिरपू द्यायचं, असा माझा बेत होता. तुमच्याकडून मला हवी होती ती बाहेरची स्टीलची नळी, जी आधी मेंदूत बसते आणि जिच्यातून ही नाजूक नळी आत उतरते. तिचं तोंड घासून साफ करून हवं होतं. परदेशी नळ्यांना महिनोन् महिने लागत होते.

तुम्ही सुई बोटांत फिरवत ऐकत होतात. मग म्हणालात, "म्हंजे भोक तूच पाडायचं आन् तिथलंच पानी मोजायचं. मंग ते मेंदूचं पानी, का जखमंचं?"

मी हसले. म्हटलं, "काका, तुम्ही नळ्या घासा, पीएचडी मला करू द्या." काकूही हसली. या विषयातल्या मोठमोठ्या माणसांना हाच प्रश्न छळतो हे मला माहीत होतं, आणि तो तुम्ही ओसरीवर बसून एका दमात विचारलात, याचा मला राग आला होता. खरं कारण एवढंच. तो वाद आपण कधी पुरा केला नाही. मी दर खेपेला उडवून लावला.

"उंदराला दुखतं का गं?" हेही तुम्हीच विचारलंत. मी म्हटलं, भूल देतो. "आन् भूल उतारल्यावर?" म्हटलं, वेदनाशामक देतो. "तू जाऊन बघती का पर?" मी हो म्हटलं. तेव्हा मी रोज बघत नव्हते, नंतर बघायला लागले. सकाळी सगळ्यात आधी पिंजऱ्यांपाशी जायची माझी सवय ही तुमची देणगी आहे. नळी झटक्यात आत घालू नये, थोडी सरकवावी नि थांबावं, हेही तुमचंच. "बेअरिंग ठोकायची नसती, बसवायची असती. जरा दाबायचं, दम धरायचा, मंग पुन्ना दाबायचं." मी मोटरीवर तसं करून पाहिलं आणि सूज खरंच कमी आली. लेखात मी लिहिलं, ‘नळी टप्प्याटप्प्याने बसवली.’ कुणी शिकवलं, ते लिहिलं नाही. तशी पद्धत नसते, असं स्वतःला सांगितलं.

पहिल्या दोन खेपांच्या नळ्या तुम्ही अशा दिल्यात की आमचे सर भिंगातून बघून म्हणाले, "कुठून करून आणल्यास?" मी म्हटलं, "नागापूरचा एक व्हेंडर आहे." काका म्हणायला काय झालं होतं? तुमचे तेलकट हात नि पत्र्याची शेड सरांपुढे येऊ नये असं वाटलं. व्हेंडर म्हटलं की कसं, सगळं झाकलं जातं. पुढं मला जे करायचं होतं त्याला ते झाकण फार उपयोगी पडलं.

इतक्या बारीक नळीला नख चालत नाही, म्हणून तुम्ही मला कापूस शिकवलात. नळीचं तोंड कापसाच्या बोळ्यातून हळूच ओढायचं. तंतू धरला, तर बर आहे. नाही धरला, तर खुशाल वापर. मी ते माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं: प्रत्येक नळी, प्रत्येक वेळी.

तिसऱ्या खेपेला मला घाई होती. सोमवारी कामाचा आढावा होता आणि त्याआधी नळ्या बसवायला सुरुवात झाली पाहिजे, असं मी सरांना कबूल करून बसले होते. दुपारी तुम्हाला फोन केला. मागं ग्राइंडर किंचाळत होता.

"काका, नळ्या कशा झाल्यात?"

"बर हाय," तुम्ही ओरडून म्हणालात. पुढचं काहीतरी ग्राइंडरनं खाल्लं.

"मग आजच्या एसटीनं पाठवा ना!"

"आशाच? बाकीचं तिकडं तू बघशील का?"

"हो हो, बघते मी!"

तुम्हाला वाटलं, पोरीकडे भिंग आहे, मशीन आहे, बर ती काढून घेईल. मला वाटलं, काम बरं झालंय. पाकीट आलं. कापसाचा बोळा टेबलावरच होता. मी उचलला नाही. भिंगाखाली एका बाजूनं दोन-चार नळ्या पाहिल्या नि बसवायला घेतल्या. इतकी साधी गोष्ट होती काका, हात पुढं करायचा अवकाश होता.

पुढच्या दोन महिन्यांचं काम मातीत गेलं. मेंदूचे पातळ काप करून पाहिले तर नळीच्या वाटेवर सगळं फाटलेलं, रक्त साकळलेलं. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या उंदरांत काही फरकच नाही. इजा कमी कशी करायची ते शोधायला निघालेल्या मी, त्या मुक्या जिवांना एरवीपेक्षा जास्त इजा केली, आणि तीही फुकट. नळ्या काढून सगळ्या बाजूंनी पाहिल्या तेव्हा तोंडाला कुसळं दिसली.

सरांनी बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "बसवण्याआधी तपासल्या होत्यास?"

मी म्हटलं, "हो सर."

हा शब्द मी कुणाच्या दबावाखाली बोलले नाही. तो आपसूक आला. मग त्याच्या पाठोपाठ दुसरं यायलाच हवं होतं. "बाहेरच्या वर्कशॉपच्या कामात दोष होता. त्यांनी आपल्याला तसं सांगितलं नाही." नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण तरी कुणाचं, तर ज्यानं मला चालायला शिकवलं त्याचं. ते वाक्य अहवालात गेलं. तुमच्या वर्कशॉपला यापुढं काम देऊ नये, असं ठरलं. मी मान डोलावली.

वर तुम्हाला फोन करून भांडलेही. "काका, तुम्ही तर बरं आहे म्हणालात!" मागं ग्राइंडर नव्हता, तुम्ही बाहेर येऊन उभे असाल. मग म्हणालात, "व्हय. म्हनालो हुतो." एवढंच. मला वाटलं, चूक कबूल केली. चोराच्या उलट्या बोंबा ऐकून घेणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, पण तेव्हा चोर कोण ते मला कळलेलं नव्हतं.

कळलं ते आठ महिन्यांनी. आमच्या संस्थेच्या वर्कशॉपमध्ये मी एक क्लॅम्प घ्यायला गेले होते. तिथला फिटर तो परत ठेवत म्हणाला, "थांबा मॅडम, बर आहे त्याला." मी म्हटलं, "बरं आहे तर द्या की." तो हसला. मी हसले नाही. तिथल्या पायरीवर बसले. त्यानं मला पाणी आणून दिलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मला शब्द मिळूनही तो लागायला आठ महिने गेले.

त्या नाताळाला मी कोल्हारला आले ती तुम्हाला सांगायचं ठरवूनच. काकू करंज्या तळत होती, तुम्ही दारात तारेचा तारा बांधत होतात. मधूनमधून खोकत होतात. मी तुमच्याशेजारी बसून कागद धरला. तुम्हीच विचारलंत, "नळ्यांचं काय झालं गं पुढं?" याहून चांगला दरवाजा कुणी कुणाला उघडून देणार आहे? मी म्हटलं, "चाललंय." मग तुम्ही म्हणालात, "चालू दे." मी करंज्या खाल्ल्या, उपासनेला गेले, तिसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरली.

दुसरा दरवाजा नगरच्या दवाखान्यात उघडला. इतक्या वर्षांची ग्राइंडरची धूळ छातीत बसली होती, फुफ्फुसं कडक झाली होती. इजा झालेलं ऊतक कसं घट्ट होतं यावर मी तासभर बोलू शकते काका, नि तुमच्या खोकल्याबद्दल तोवर मी एक प्रश्न विचारला नव्हता. दुपारची भेटायची वेळ होती. मी तुमच्या उशाशी उभी राहून नेहमीचंच विचारलं, "काका, कसं वाटतंय?"

तुम्ही तोंडावरचा मास्क जरासा उचललात. "बर हाय."

आणि माझ्याकडे बघत अंगठ्याचं नख दुसऱ्या बोटानं हळूच घासलंत. तुम्ही हसत होतात. म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मी काय ऐकलं, कसं ऐकलं, सगळं. कधी ताडलंत ते मला माहीत नाही. बहुतेक त्या भांडणाच्या फोनवरच, माझ्या तोंडून ‘बरं’ ऐकल्यावर. "होईल बरं सगळं," असलं काहीतरी बावळटासारखं बोलले. तेवढ्यात सिस्टर आल्या, वेळ संपली म्हणाल्या. मी त्यांचे आभार मानले. खरंच मानले. पुढचं तुम्हाला माहीत आहे, आठवडाही निघाला नाही.

इथवर असतं तरी मी कसंबसं गिळलं असतं. पण काल काकूनं मला तुमचा चष्मा नि जेवणाचा डबा आणायला नागापूरला पाठवलं. तुमच्या शेजारच्या ग्राइंडरवरचे बबनराव मशीन बंद करून आले. हात पुसले, कपाटातून कापराची एक छोटी डबी काढली नि माझ्यापुढं धरली.

"आलात व्हय ताई. शमूभाऊ म्हनायचे, रुथ यील एक दिवस मागायला. तवर कुनाला द्यायची न्हाई."

मी मागायला आले नव्हते. चष्मा न्यायला आले होते. डबी उघडली. आत तिसऱ्या खेपेतली एक नळी होती, आणि तिच्या तोंडाला कापसाचा एक तंतू अडकलेला. बाकीच्या पाठवताना एवढी एक तुम्ही मागं ठेवली होतीत.

"कशाला ठेवली ते न्हाई बोलले," बबनराव म्हणाले. "तिला म्हाईत हाय, एवढंच."

मग मी सांगितलं. तिथंच, उभ्या उभ्या, सगळं. ‘हो सर’सुद्धा. बबनराव ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "आसं हुतं व्हय. ते काम बंद झाल्याव म्हातारा महिनाभर गप हुता. आमाला वाटलं, वयानं हात गेला. शेठनं बारीक काम काढून दुसऱ्याला दिलं. शमूभाऊ काय बी बोलले न्हाईत. मोठ्या पात्यांवर जाऊन बसले." मग ते म्हणाले, "लई धूळ आसती ताई तिकडं." त्यांनी ते माझ्यावर ठपका म्हणून म्हटलं नाही. सहज म्हटलं आणि मशीनकडे गेले.

तुमच्या हाताबद्दल लोक असं बोलत होते, आणि एका वाक्यात तुम्ही त्यांची तोंडं बंद करू शकत होतात. पुतणीचं नाव घ्यावं लागलं असतं, म्हणून बोलला नाहीत. तुमच्या छातीत जे गेलं त्यातलं किती आधीचं नि किती त्या मोठ्या पात्यांजवळचं, ते कोण सांगणार. मी हिशोब मांडू शकत नाही, पण मला झोपही लागत नाही.

आज सकाळी मी सरांना पत्र दिलं. जशीच्या तशी ही वाक्यं आहेत: ‘नळ्यांच्या तोंडाला बर असल्याचे कारागिराने मला पाठवण्याआधी फोनवर सांगितले होते. मी चुकीचे ऐकले. कापसाची चाचणी मी केली नाही, आणि केली असे बैठकीत खोटे सांगितले. अहवालातील दोषाचे वाक्य काढून टाकावे. नळी थांबत थांबत बसवण्याची पद्धतही याच कारागिराची आहे. त्यांचे नाव शमुवेल. ते माझे सख्खे काका होते.’ सरांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "याचे परिणाम होतील, रुथ." मी म्हटलं, होऊ देत. प्रबंध अडकेल, कदाचित याहून वाईट होईल. पुढच्या रविवारी कोल्हारला जाऊन पाळकसाहेबांनाही सांगणार आहे, आणि काकूला त्यांच्या आधी. काकूची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण ती रागावणार नाही.

मघाशी सरांच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा क्षणभर हलकं वाटलं. वाटलं, चला, सुटले. त्या वाटण्याचीही लगेच लाज वाटली. टेबलावर येऊन बसले, वही उघडली. पहिल्या पानावर तुमचंच वाक्य, प्रत्येक नळी, प्रत्येक वेळी. मग तुमच्या डबीतली नळी काढली. तुम्ही अडकवलेला तंतू तसाच जपून काढून ठेवला, नवा बोळा घेतला आणि तुम्ही शिकवलंत तसं तिचं तोंड त्यातून हळूच, दम धरत ओढलं.

तंतू धरला. बर हाय, काका.